अकुशल कोण?

फटाक्याच्या कारखान्यात जळालेल्या एका मजूर बाईचा नुकसानभरपाईचा दावा आम्ही चालवला. त्या दाव्यात मालकाने दाखल केलेली कैफियत आजही आमच्या कपाटात आहे. मालकाचे नाव आणि गाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण असली कैफियत देणारा तो एकटा नाही. कैफियतीच्या चौथ्या परिच्छेदात मालक म्हणतो, ही बाई 'अकुशल' कामगार होती, तिच्या कामाला कसलेही कौशल्य लागत नव्हते, म्हणून तिला दिलेली मजुरी रास्तच होती. नवव्या परिच्छेदात तोच मालक म्हणतो, फटाक्याची दारू हाताळताना लागणारे कौशल्य आणि दक्षता या बाईने दाखवली नाही, तिच्या वेंधळेपणामुळे स्फोट झाला, म्हणून भरपाईची जबाबदारी आमच्यावर येत नाही.

चौथा परिच्छेद आणि नववा परिच्छेद यांच्यात अवघ्या दोन पानांचे अंतर आहे. मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा कामाला कौशल्य लागत नाही. भरपाई द्यायची वेळ येते तेव्हा मात्र त्याच कामाला कौशल्य लागते आणि ते नेमके त्या बाईजवळ नसते! दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा हा कावा एका शब्दाच्या आधारावर उभा आहे. तो शब्द म्हणजे 'अकुशल'. चळवळीच्या वाचकांनी हा शब्द आज नीट तपासून घ्यावा असे आम्हास वाटते, कारण आमच्या तीन पिढ्यांच्या कपाळावर तो सरकारी शिक्क्याने मारला गेला आहे.

सोलापूर-धुळे महामार्गावर धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात तेरखेडा हे गाव आहे. फटाक्यांसाठी शिवकाशीचे नाव घेतले जाते, तसे मराठवाड्यात तेरखेड्याचे घेतले जाते. दिवाळी आली की येथला माल दूरदूरच्या बाजारात जातो. पाऊस बेभरवशाचा, जमीन जिरायत. ज्याच्या नावावर चार एकर आहेत तो शेतीत राबतो, ज्याच्या नावावर काहीच नाही तो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो नाहीतर फटाक्याच्या शेडमध्ये बसतो. तेरखेडा परिसरात स्फोट झाले, माणसे मेली, हे तेथील कुणालाही नव्याने सांगावे लागत नाही.

आता त्या शेडमध्ये काय चालते ते पाहा. सोरा, गंधक आणि कोळसा यांची पूड ठराविक प्रमाणात मिसळली की साधी दारू तयार होते. मोठ्या आवाजाच्या मालात ॲल्युमिनियमची पूड येते. ही दारू घर्षणाने पेटते, ठिणगीने पेटते, कोरड्या हवेत अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यातून निघालेल्या स्थिर विजेनेही पेटू शकते. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर इतके तापट की देशात १९९२ पासून त्यावर बंदी आहे. म्हणून दारू किती दाबायची, वात कुठवर घालायची, सुतळी किती आवळायची, लोखंडाचे अवजार का वापरायचे नाही, सांडलेली पूड पायाखाली का येऊ द्यायची नाही, हे सारे हाताला माहीत असावे लागते. कमी भरली तर माल फुसका, जास्त दाबली तर जीव जातो. दिवसभर शेकडो वेळा तीच क्रिया, आणि शेकडो वेळांत एकदाही चूक चालत नाही. या कामाला कौशल्य लागत नाही असे म्हणणाऱ्याने एक दिवस, फक्त एक दिवस, त्या शेडमध्ये बसून दाखवावे!

मग हा 'अकुशल' शब्द आला कोठून? खेड्यापाड्यात तो रोजगार हमीच्या हजेरीपटावरून आला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि अकुशल शारीरिक श्रम करू इच्छिणाऱ्या ग्रामीण प्रौढ माणसाला कामाचा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने तर त्याची व्याख्याच केली. कोणत्याही कौशल्याशिवाय आणि विशेष प्रशिक्षणाशिवाय कोणताही प्रौढ माणूस करू शकेल असे शारीरिक काम म्हणजे अकुशल काम. रोजगार हमीपुरती ही व्याख्या समजण्यासारखी होती. हक्काचे दार सर्वांना उघडे राहावे, हा तिचा हेतू होता. परंतु किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा ज्या पायऱ्या आहेत, तेथे हा शब्द दार उघडत नाही. तेथे तो माणसाला तळाच्या पायरीवर बसवतो.

आम्ही त्याच व्याख्येची कसोटी लावून विचारतो. रस्त्याने जाणाऱ्या कोणत्याही प्रौढ माणसाला, काहीही न शिकवता, फटाक्यात दारू भरायला बसवता येईल काय? उत्तर 'होय' असेल, तर स्फोटानंतर त्या माणसाचा वेंधळेपणा काढण्याचा अधिकार मालकाला उरत नाही, कारण न शिकवलेल्या माणसाला मृत्यूच्या तोंडाशी बसवणारा तोच आहे. उत्तर 'नाही' असेल, तर ते काम अकुशल नाही आणि अकुशलाची मजुरी देणे ही उघड लूट आहे. यातून तिसरी वाट निघत नाही.

ही लूट मजुरीवर थांबत नाही, ती मढ्यापर्यंत जाते. हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही, कायद्यातले गणितच तसे आहे. कामावर मृत्यू झालेल्या कामगाराची भरपाई काढताना त्याच्या मासिक वेतनाची निम्मी रक्कम घेतात आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने तिला गुणतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातले हे सूत्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले. वयाच्या तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे. समजा, तीस वर्षांच्या एका बाईला अकुशल ठरवून महिन्याला तीन हजार रुपये कमी दिले. ती मेली तर तिच्या लेकरांच्या वाट्याला ३ लाख ११ हजार ९७० रुपये कमी येतात. हजेरीपटावरच्या एका 'अ' अक्षराची ही किंमत आहे. जिवंतपणी रोज थोडी थोडी वसूल होते, मेल्यावर एकदम वसूल होते.

मराठी भाषेत कामात चुकणाऱ्या माणसासाठी शब्दांचा तोटा नाही. वेंधळा, धांदरट, बावळट, अजागळ, गबाळा. यातला 'गबाळा' हा शब्द पाहा. गबाळ म्हणजे गाठोडे, पाठीवर घेऊन गावोगाव हिंडायचे फाटकेतुटके सामानसुमान. ज्याच्याजवळ पेटी नाही, कपाट नाही, घर नाही, त्याचा संसार गबाळात असतो. त्या गबाळावरूनच नीटनेटके काम न करणारा माणूस गबाळा ठरला! गावात राहणारा गावंढळ झाला तो याच न्यायाने. माणसाची गरिबी उचलायची आणि तिला त्याचा दोष म्हणून त्याच्याच अंगावर टाकायची, ही या भाषेची जुनी खोड आहे. घरातल्या भाषेत जो गबाळा आहे, तोच सरकारी भाषेत अकुशल आहे. स्फोट झाल्यावर पोलिसी भाषेत त्याचेच नाव 'हलगर्जीपणा' होते.

हलगर्जीपणाबद्दल कायदा काय सांगतो तेही वाचकांनी पाठ करून ठेवावे. स्फोटक पदार्थ हाताळण्यातला हलगर्जीपणा भारतीय दंड संहितेच्या कलम २८६ मध्ये होता. त्याला सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम २८८ झाले, दंड पाच हजार झाला, कैद सहा महिन्यांचीच राहिली. हलगर्जीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ जाऊन कलम १०६ आले, त्यात कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली. पण कलम कोणतेही असो, खरा प्रश्न आरोपीच्या रकान्यात नाव कोणाचे जाते हा आहे. पुष्कळदा मेलेल्या माणसाकडे बोट दाखवले की तपास संपतो. मेलेला माणूस जबाब देत नाही, अपील करत नाही, वकील लावत नाही.

परंतु भरपाईच्या बाबतीत कायदा मालकाला ही पळवाट देत नाही, हे आम्ही ठणकावून सांगतो. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले, एवढेच बचाव मालकाला आहेत. साधा वेंधळेपणा त्या यादीत नाहीच. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे तीन बचावही चालत नाहीत. १९२३ च्या कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. आमच्या दाव्यातल्या मालकाचा नववा परिच्छेद म्हणूनच कायद्याच्या तराजूत हलका होता. तरीही तो लिहिला जातो. का? तो न्यायाधीशासाठी नसतो. तो त्या बाईच्या नवऱ्याने, भावाने, लेकाने वाचावा म्हणून असतो. 'चूक आपलीच होती' असे एकदा त्यांच्या मनावर ठसले की ते तडजोडीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार होतात.

सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेले आहे. दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने सांगितले की, धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. त्याने काळजी घेतली होती की नव्हती, हा प्रश्नच तेथे येत नाही. ज्याची ऐपत मोठी, त्याची भरपाईही मोठी. भोपाळमध्ये हजारो माणसे मेल्यानंतर या देशाच्या न्यायशास्त्राने शिकलेला हा धडा आहे. तो लहानमोठ्या शेडपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणी करायचे?

एखाद्या बाईच्या वेंधळेपणाने स्फोट होतात, हे मान्य केले तर देशभरातल्या बायका एकाच प्रकारे वेंधळ्या कशा, याचे उत्तर द्यावे लागेल. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या कारखान्यात तीसहून अधिक माणसे मेली. १ जानेवारी २०२३ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्याच्या कारखान्यात महिला कामगारांचा बळी गेला. त्याच वर्षी १८ एप्रिलला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील वासखेडी येथे, आणि ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडच्या तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या बायका होरपळल्या. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशातल्या हरदा येथे दहाहून अधिक माणसे गेली. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातेत डीसा येथे २१ माणसे मेली. ती मध्य प्रदेशातून पोट भरायला आलेली, त्यांत हरदा जिल्ह्यातलीही होती. गावातला कारखाना जळाला म्हणून मजूर परराज्यात गेला आणि तेथल्या गोदामात जळाला, असा हा मजुराचा प्रवास आहे. राज्ये वेगळी, भाषा वेगळ्या, धंद्याचे मालक वेगळे. सारख्या आहेत त्या मरणाऱ्या माणसांची गरिबी आणि त्यांच्या नावापुढचा शब्द.

आता या शब्दाच्या मुळाशी जाऊ. संस्कृत पंडित 'कुशल' शब्दाची व्युत्पत्ती अशी सांगतात, की जो कुश आणतो तो कुशल. कुश म्हणजे यज्ञाला लागणारे दर्भ गवत. त्याची पाती धारदार असतात. हात न कापता ते गवत उपटून आणणारा निपुण, म्हणून कुशल म्हणजे निपुण. वाचकहो, विचार करा! यज्ञासाठी गवत उपटताना ज्याचे बोट कापले नाही त्याच्यासाठी भाषेने गौरवाचा शब्द घडवला. आणि जी बाई धगधगत्या दारूशी वीस वर्षे खेळून दहाही बोटे शाबूत ठेवते, तिला अकुशल म्हटले! काम किती अवघड आहे यावरून कौशल्य ठरत नव्हते आणि आजही ठरत नाही. काम कोण करतो यावरून ते ठरते. मेलेल्या जनावराचे कातडे एकही छिद्र न पाडता सोलणे ही काय सोपी गोष्ट होती? गावाच्या शिवेचा दगड न दगड तोंडपाठ असणे हे काय ज्ञान नव्हते? परंतु ते हात आमचे होते, म्हणून ते काम 'हलके' ठरले आणि त्याचा मोबदला भाकरतुकडा ठरला. त्या वतनाच्या गुलामगिरीबद्दल बोलण्यासाठी बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले होते, हे या जिल्ह्यातल्या तरुणांनी विसरू नये. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून कामगारांचीच वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

तथागत बुद्धांनी हा शब्द घेतला आणि त्याचा रोखच बदलून टाकला. धम्मात कुशल आणि अकुशल हे हाताचे वर्णन नाही, ते चित्ताचे आणि कृतीचे आहे. अकुशलाची मुळे तीन, लोभ, द्वेष आणि मोह. ज्या कृतीच्या मुळाशी यातले एकही आहे, ती अकुशल. ज्या कृतीच्या मुळाशी अलोभ, अद्वेष आणि अमोह आहे, ती कुशल. दर पौर्णिमेला विहारात बसून आम्ही हे ऐकतो. ही कसोटी विहाराबाहेर, फटाक्याच्या शेडवर का लावू नये? चार माणसांच्या जागेत दहा माणसे कोंबतो, दिवाळीची मागणी गाठण्यासाठी परवान्यापेक्षा जास्त दारू साठवतो, तो लोभ. मेली तर दुसरी येईल, ही काय मोठ्या घरची आहे, असे म्हणतो, तो द्वेष. इतकी वर्षे काही झाले नाही, आताही होणार नाही, असे समजून तपासणीच्या कागदावर डोळे झाकून सही करतो, तो मोह. मग या शेडमध्ये अकुशल कोण? मांडी घालून वात लावणारी बाई, की तिला तेथे बसवणारा मालक आणि सही करणारा अधिकारी?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. असंघटित, मुक्या मजुराला सौदा करता येत नाही म्हणून राज्याने त्याच्या बाजूने उभे राहावे, हा त्यामागचा विचार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा वेतन संहितेत विरघळला. नव्या व्यवस्थेत कारखान्याच्या व्याख्येसाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी ४० कामगारांची अट आली आहे. फटाक्याच्या शेडमध्ये हातानेच काम चालते. अडतीस माणसांचा हजेरीपट ठेवून सुटू पाहणारा मालक उद्या उभा राहणार नाही, याची हमी कोण देतो?

म्हणून आमची शासनाकडे मागणी स्पष्ट आहे. स्फोटक पदार्थ मिसळणे, भरणे आणि वात लावणे ही कामे किमान वेतनाच्या अधिसूचनेत 'कुशल' वर्गात घ्यावीत. असे काम जेथे चालते तेथे कामगारांची संख्या कितीही असो, सुरक्षेच्या सर्व तरतुदी लागू कराव्यात. स्फोटके नियम २००८ प्रमाणे लहान परवाने जिल्हा दंडाधिकारी देतात, मोठे परवाने नागपुरात मुख्यालय असलेली केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटना देते. या दोघांनीही कोणत्या शेडला किती दारूचा आणि किती माणसांचा परवाना आहे, ते शेडच्या दारावर मराठीत लिहून घेतले पाहिजे. कामगाराला वाचता आले नाही तर तिची शाळेत जाणारी लेक वाचून दाखवील. आणि प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण देऊन त्याचा दाखला तिच्या हातात दिला पाहिजे. तो दाखला हाती आला की 'अकुशल' हा शिक्का आपोआप पुसला जाईल. मालकांना नेमकी तीच भीती आहे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आमची जबाबदारी संपत नाही. आमच्यातला शिकलेला वर्गही हा शब्द सहज वापरतो. साहेब झालेला मुलगा सांगतो, 'माझी आई काही करत नव्हती, नुसती मजुरी करायची.' नुसती मजुरी! त्या नुसत्या मजुरीवर त्याची फी भरली गेली. आम्ही वकील मंडळी जयंतीच्या मंचावर घटनेची कलमे सांगतो, पण स्फोटानंतर जखमीच्या खाटेजवळ किती जण जातो? भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, मालकाने महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर व्याज आणि दंड लागतो, दावा कामगाराच्या वारसांना आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो, एवढ्या तीन गोष्टी वस्तीवस्तीत सांगितल्या तरी तडजोडीच्या कागदावरचे अंगठे कमी होतील. तेरखेडा आणि बार्शी या पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी, तरुण वकिलांनी हे काम अंगावर घ्यावे. हजेरीपटाची, मजुरीच्या चिठ्ठीची प्रत आजच काढून ठेवायला सांगावे. स्फोटात माणसाबरोबर कागदही जळतो, आणि कागद जळाला की ती बाई तेथे कामालाच नव्हती असे म्हणायला मालक मोकळा होतो.

आमच्या त्या दाव्यातल्या बाईची साक्ष झाली. उलटतपासात मालकाच्या वकिलाने तिला विचारले, 'तुम्हाला या कामाचे काही शिक्षण होते का?' ती म्हणाली, 'शिक्षण न्हवतं साहेब. पण मी नव्या पोरींना शिकवत व्हते.' तिचे ते उत्तर कोर्टाच्या कागदावर नोंदले गेले आहे. ज्या बाईने इतरांना काम शिकवले तिला कायद्याच्या रकान्यात अकुशल म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावे, आणि मग हा शब्द कोणाच्या नावापुढे लिहायचा ते ठरवावे.